स्टंट कार रेसर : जुन्या खोक्याचे मोल

जेफ क्रॅमंड यांनी रचलेला आणि १९८९ मध्ये मायक्रोप्रोज कंपनीने मायक्रोस्टाइल या नाममुद्रेखाली बाजारात आणलेला ‘स्टंट कार रेसर’ हा संगणकावरचा गाडीशर्यतीचा खेळ केवळ जुना म्हणून नव्हे, तर आजही खेळावासा वाटतो म्हणून संग्रही असावा. जमिनीपासून उंचावर बांधलेल्या, कठडे नसलेल्या आठ मार्गांवरून गाडी उडी घेऊन खाली आदळते, तेव्हा तिचे वजन खरोखर जाणवते आणि जोराच्या आदळआपटीगणिक पडद्याच्या वरच्या कडेवरचा, गाडीचे नुकसान दाखवणारा तडा पुढे सरकत जातो. केबलने दोन अमिगा संगणक जोडून समोरासमोर शर्यत लावण्याची सोयही यात होती. दोन संगणक जुळवणे ही मात्र तेव्हा चैनच होती.

खोका, माहितीपुस्तिका आणि मूळ डिस्क हे तिन्ही असेल तरच प्रत पूर्ण मानावी आणि भाव ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेल्या नव्हे, तर प्रत्यक्ष पार पडलेल्या व्यवहारांच्या किमती पाहाव्यात. साडेतीन इंची डिस्कची धातूची झडप अलगद सरकवून आतल्या चकतीवर बुरशी नाही ना, हे आधी पाहावे, कारण बुरशीची डिस्क ड्राइव्हचे डिस्क वाचणारे हेडही खराब करते. सीलबंद प्रतीला चढा भाव मिळतो खरा, परंतु आतली डिस्क चालते की नाही हे सील न फोडता कळत नाही; त्यामुळे माझी पसंती उघडलेल्या, पण चालू स्थितीतील प्रतीलाच राहील.