पिट रिव्हर्स संग्रहालय : मिरजकरांनी कसे पाहावे

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळा, दांडी आणि खुंट्यांच्या सहवासात ज्यांचा दिवस जातो, त्यांनी ऑक्सफर्डचे पिट रिव्हर्स संग्रहालय प्रत्यक्ष जाऊन, आणि ते जमत नसेल तर संगणकावर, अवश्य पाहावे. मात्र या दोन भेटींत हाती लागणारे निरनिराळे आहे, हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

जनरल पिट-रिव्हर्स यांनी १८८४ मध्ये विद्यापीठाला दिलेल्या वस्तूंपासून सुरू झालेला हा संग्रह आज पाच लाखांच्या पुढे गेला आहे. येथील मांडणी देशवार नसून वस्तूच्या कामानुसार आहे. त्यामुळे जगभरची कुलपे एकत्र, दिवे एकत्र आणि वाद्येही एकत्र दिसतात. वस्तू साध्यापासून गुंतागुंतीच्या क्रमाने लावल्या की मानवाची प्रगती दिसते, ही संस्थापकाची समजूत आज कोणी गंभीरपणे मानत नाही, आणि २०२० मध्ये संग्रहालयाने मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले, हेही योग्यच झाले. तरीही वाद्यांच्या बाबतीत ही मांडणी फार बोलकी ठरते. येथे दीर्घकाळ अभिरक्षक असलेल्या हेन्री बाल्फर यांनी १८९९ मध्ये धनुष्यवाद्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. धनुष्याची ताणलेली दोरी आणि नाद वाढवण्यासाठी तिला जोडलेला पोकळ भोपळा ही जोडी डोळ्यांसमोर आली, की आपल्या तंबोऱ्याचे दूरचे नातलग कोण, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे वाद्याची ओळख गावावरून पक्की झाली. हे संग्रहालय नेमके गाव बाजूला ठेवून वाद्याकडे पाहायला लावते. दोन्ही दृष्टी कारागिराच्या उपयोगाच्या आहेत, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष भेटीत प्रकाश मंद आणि कपाटे खच्चून भरलेली असतात. जुन्या चिठ्ठ्यांवरील हस्ताक्षर इतके बारीक असते, की चष्मा असूनही वाकावे लागते. कपाटांखालचे काही खण मात्र पाहुण्यांनी स्वतः उघडून पाहायचे असतात, आणि तेथे मुलांइतकीच मोठ्यांचीही गर्दी होते.

संकेतस्थळावरील नोंदींत नेमकी उलट स्थिती आहे. वस्तू कोणी, कुठून, कोणत्या साली मिळवली हा तपशील तेथे निवांतपणे वाचता येतो; पण शोधपेटीत जे लिहावे तेच समोर येते, आणि शेजारी काय ठेवले आहे हे कळत नाही. सर्वच नोंदींना छायाचित्रे नाहीत, शिवाय सारा मजकूर इंग्रजीत आहे. म्हणून आधी दालनांचा आभासी फेरफटका मारावा, एखादे कपाट मनात भरले की मगच नोंदींकडे वळावे. वाद्य शोधताना निरनिराळी स्पेलिंगे लिहून पाहावीत, कारण जुन्या इंग्रज संग्राहकांनी आपापल्या कानाला जे ऐकू आले तेच लिहिले. आवाज, वजन आणि जवारीवरची (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवरची) घासणी यांतले काहीही पडद्यावर उमटत नाही. ज्याला त्यासाठीच पाहायचे आहे, त्याने संकेतस्थळाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

प्रवेशशुल्क नाही. दार निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या दालनातून आत उघडते, आणि सोमवारी ते दुपारी बारालाच उघडत असल्याने सकाळी पोहोचलेल्यांनी तेवढा वेळ डायनोसॉरच्या सांगाड्यांपाशी काढावा.