पोलो जीटी टीएसआयची आदळणारी राइड कशी सुधारली: टायर, स्प्रिंगा, शॉकअप, सगळा अनुभव

माझी २०१५ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), आपल्या चाकणलाच बनलेली. सेकंड हँड घेतली तेव्हा ७१ हजार झाले होते आणि आधीच्या मालकाने हौसेने १७ इंची अलॉय, २०५/४५ चे टायर आणि लोअरिंग स्प्रिंगा (गाडीची उंची कमी करणाऱ्या) टाकलेल्या. दिसायला एक नंबर. पण आईला घेऊन पहिल्यांदा साताऱ्याला निघालो, तिचं मणक्याचं दुखणं जुनं आहे, शिरवळला तिने कमरेमागे उशी घेतली आणि खंबाटकी उतरल्यावर म्हणाली "अरे जरा थांबव, मी पाच मिनिटं चालते", मला फार वाईट वाटलं. तेव्हाच ठरवलं, ही गाडी नीट करायची नाहीतर विकायची. आणि ते इंजिन सोडवत नव्हतं.

सुरुवात हवेपासून केली कारण ती फुकट आहे. पंपावर हवा भरणारी पोरं न विचारता ३८-४० पीएसआय मारतात, तेही टायर गरम असताना. मी स्वतःचा गेज घेतला आणि सकाळी गाडी हलवायच्या आधी, थंड टायरमध्ये, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा ठेवायला लागलो (स्टिकरवर दोन माणसं आणि फुल लोड असे वेगळे आकडे असतात, ते नीट बघा). फरक पडला, पण थोडा. आणखी खाली जाऊ नका हं, ४५ प्रोफाइलमध्ये (म्हणजे इतक्या बुटक्या टायरमध्ये) हवा कमी ठेवली की खड्ड्यात थेट रिम वाकते.

मग एका दुकानात सल्ला मिळाला की स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाका, गाडी उचलली जाईल आणि आपटायची नाही. कृपया हे करू नका. ते रबर स्प्रिंगच्या दोन वेढ्यांच्या मध्ये बसतं, म्हणजे तेवढा भाग दबतच नाही आणि स्प्रिंग उलट जास्त कडक होते. मी चार दिवसांत काढून टाकले.

इथे एक गोष्ट मला उशिरा कळली ती सांगतो, कडक गाडी आणि आदळणारी गाडी ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. कडक स्प्रिंगची गाडीसुद्धा शॉकअप चांगले असतील तर गचका एकदाच देते आणि शांत होते. माझी आदळत होती, कारण लोअरिंग स्प्रिंगांमुळे सस्पेन्शनला खाली जायला जागाच उरली नव्हती, जरा मोठा खड्डा आला की थेट बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबलं की शेवटी अडवणाऱ्या रबरावर) धाडकन. त्यात शॉकअप मूळचेच, म्हणजे कमी उंचीसाठी बनलेले नव्हतेच, आणि इतक्या किलोमीटरनंतर थकलेले.

पहिला मोठा खर्च टायरचा. ओरिजिनल १५ इंची अलॉयचा वापरलेला सेट मिळाला, त्यावर कंपनीच्याच मापाचे १८५/६० आर१५, मिशलिन एनर्जी एक्सएम २ प्लस. हिशोब साधा आहे, २०५/४५ टायरची साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची) ९२ मिमी, १८५/६० ची १११ मिमी, म्हणजे रस्ता आणि रिम यांच्या मध्ये जवळजवळ दोन सेंटीमीटर जास्त रबर. शिवाय घरच्या वजनकाट्यावर जुनं चाक साडेएकोणीस किलो भरलं आणि हे साडेपंधरा, चाक हलकं असलं की खड्ड्यावरून उचललं जाऊन पटकन खाली बसतं. जुन्या टायरवरचा चार आकडी कोड १८१६ होता, म्हणजे २०१६ चा अठरावा आठवडा! नक्षी भरपूर शिल्लक होती पण रबर लाकडासारखं झालेलं. सेकंड हँड गाडी घेताना हा कोड आधी वाचा, नक्षी नंतर.

एवढ्यानेच अर्ध्याहून जास्त त्रास गेला. एक्सप्रेसवेच्या सिमेंटच्या जोडांवर जी टपटप थेट सीटमध्ये यायची ती आता नुसती ऐकू येते.

त्यानंतर ओरिजिनल उंचीच्या स्प्रिंगा आणि चारही शॉकअप बिल्स्टीन बी४. बिल्स्टीनचेच जास्त स्पोर्टी बी६ का नाही असं सगळ्यांनी विचारलं. मित्राच्या गाडीत बी६ आहेत, मी चालवलीय, ताम्हिणीत वेगात ती गाडी फारच सुंदर बसते, पण ते मोनोट्यूब (एकाच नळीचे) आणि मुळातच जास्त कडक, कोथरूडातल्या गल्लीबोळात प्रत्येक चेंबरचं झाकण मोजून देतात. आणि बी८ तर लोअर केलेल्या गाडीसाठीच असतात. मला आईला बसवायचं होतं, त्यामुळे बी४, म्हणजे कंपनीच्या सेटिंगच्या जवळचे. सोबत पुढचे माउंटिंग, बंप स्टॉप, लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) पण बदलले, कारण एकदा खोललं की मजुरी तीच.

आता गॅरेजबद्दल, खरं कौतुक त्या मेकॅनिकचं. धायरीकडचं छोटं गॅरेज, बोर्डसुद्धा धड नाही. त्यांनी लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना फायनल टाइट केलेच नाहीत, आधी गाडी चाकांवर उभी केली, दोन-तीनदा दाबून बसू दिली आणि मग टाइट केले. मी विचारलं तर म्हणाले, "साहेब, हवेत आवळलं तर बुश कायम पिळलेला राहतो, गाडीपण कडक लागते आणि बुश लवकर फाटतो." हे इतकं महत्त्वाचं आहे आणि घाईत किती ठिकाणी होत नसेल. तुम्ही कुठेही काम करा, हा एक प्रश्न आधी विचारा. काम पूर्ण दिवस चाललं, शेवटी अलाइनमेंट केलं आणि हजार किलोमीटरनंतर परत बोलावून चेक केलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

वळणावर गाडी आता आधीपेक्षा किंचित झुकते, स्टीअरिंगची ती एकदम टोकदार सुरुवात थोडी कमी झालीय, हे मान्य. पण सिंहगडाच्या घाटात खराब पॅचवर वळताना पूर्वी मागचं चाक उड्या मारायचं, आता रस्ता सोडत नाही, त्यामुळे मी तिथे आधीपेक्षा जास्त विश्वासाने चालवतो.

काय राहिलं? मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एका आडव्या बीमने जोडलेली, एका बाजूचा खड्डा दुसऱ्या बाजूला थोडा कळतोच, आणि हळू वेगात धारदार कडेचा खड्डा अजून लागतो. सोसायटीतले ते वीतभर रुंदीचे, उंच रबरी स्पीडब्रेकर तर कुठल्याच सस्पेन्शनने सुटणार नाहीत, इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच हवा, तसा एक तरी आमच्या भागात दाखवा.

गेल्या महिन्यात परत साताऱ्याला गेलो. उशी मागच्या सीटवर पडून होती, खंबाटकीच्या पुढे आई झोपली होती, म्हणून वाई फाट्याला चहाला थांबलोच नाही.