कांचीपुरममधले दुपारचे चार तास

कांचीपुरमला मुंबईकर फसतो तो देवळात नाही, देवळं बंद असताना. एकांबरेश्वर, कामाक्षी, वरदराज पेरुमाळ, सगळीकडे दुपारी 12 ते साडेबाराच्या सुमाराला दारं लागतात ती 4 ला उघडतात. चेन्नईहून 75 किलोमीटर येईतो अकरा वाजतात, कसंबसं एक दर्शन होतं, पुढे नुसतं ऊन. अशा वेळी हिंदी बोलणारा रिक्षावाला भेटला की हायसं वाटतं. ‘मंदिर बंद है’ हे त्याचं म्हणणं खरंच असतं, म्हणून पुढचंही खरं वाटतं: विणकराच्या घरी नेतो, सरकारी सोसायटी आहे, निम्म्या भावात कांजीवरम.

त्या घरात माग असतो, विणणारा माणूसही असतो. विकायच्या साड्या मात्र आतल्या खोलीतून येतात आणि बऱ्याचदा त्या यंत्रमागाच्या निघतात. पाटीवर ‘सोसायटी’ लिहायला काही लागत नाही. रिक्षावाल्याचं कमिशन साडीच्या किमतीतच धरलेलं असतं.

मग काडी ओढून धागा जाळून दाखवतात. केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरते; रेशीम खरं! पण तो धागा त्यांनी निवडलेला असतो. उभा आणि आडवा, दोन्ही धागे आपण काढून द्यावेत. भेसळीचा धागा वितळून कडक गोळी होते. जरीबद्दल तर या परीक्षेतून काहीच कळत नाही. अस्सल जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा असतो, स्वस्त जरीत तांब्याची तार किंवा चकचकीत प्लास्टिक. खरवडल्यावर आत लाल धागा दिसला म्हणून भुलू नका, नकली जरीतही तो लाल रंगवतात. खात्री धातू तपासणाऱ्या एक्सआरएफ यंत्रावरच होते. सिल्क मार्कचं लेबल फक्त रेशमाची हमी देतं, जरीची किंवा हातमागाची नाही.

त्यापेक्षा साडी उलटी करा. कोरवै पद्धतीत काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत अडकवतात. उलट्या बाजूला तो सांधा दिसतो. निघण्याआधी माटुंग्याला अशी एक साडी हाताळून ठेवावी.

खरं तर मुक्काम कांचीलाच करावा. सकाळी लवकर आठव्या शतकातलं कैलासनाथ मंदिर निवांत बघून होतं. कदंब राजघराण्याचा संस्थापक मयूरशर्मा याच गावच्या घटिकेत, म्हणजे विद्यापीठात, वेद शिकायला आला होता, असं कर्नाटकातल्या तालगुंदचा शिलालेख सांगतो. इतक्या जुन्या विद्येच्या गावी आपण चार तास बंद खोलीत साड्या उलगडत बसतो, हे जरा अतिच.

घेतलीच, तर बिलावर ‘शुद्ध रेशीम, हातमाग, जरीचा प्रकार’ असं लिहून घ्या, नुसतं ‘सिल्क साडी’ नको. पैसे कार्डाने किंवा यूपीआयने द्या. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दावा मुंबईतल्या जिल्हा ग्राहक आयोगातही लावता येतो, 2 वर्षांच्या आत.