साटनचा हीटलेस कर्लिंग रॉड, सात महिन्यांनंतर: भांडण फक्त रबराशी

रॉडबरोबर आलेल्या दोन स्क्रंचींपैकी (कापडात गुंफलेली केसांची रबरं) दुसरीचंही इलॅस्टिक परवा तुटलं, म्हणून लिहायला मुहूर्त लागला. केस लांब आणि सरळसोट, लेयर्स कापायचे नाहीत, गरम यंत्र फिरवायचं नाही, तरी लाटा हव्यातच असा हट्ट असेल, तर रात्रभर केस गुंडाळून ठेवायचा हा साटनचा रॉड कामाचा आहे.

पहिले दोन महिने मात्र मत होतं, पैसे पाण्यात गेले. सकाळी रॉड काढला की तासाभरात केस पुन्हा सरळ. दोष रॉडचा नव्हता, ओलाव्याचा होता. पाण्याने केसांतले हायड्रोजन बंध सुटतात आणि केस ज्या आकारात वाळतील त्या आकारात पुन्हा जुळतात. जाड बट गुंडाळली की आतला थर सकाळीही दमटच असतो. तसाच सोडला तर तो सरळ वाळणार. चिंब केस तर मुळीच गुंडाळू नयेत, ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. हाताला नुसता गारवा लागेल इतपत ओलावा पुरे. पूर्ण कोरडे असतील तर स्प्रेचे पाच-सहा फवारे, टाळू सोडून. मूस (केसांना लावायचा फेस) दोन्ही बाजूंना मिळून लिंबाएवढा. तेल लावलेल्या केसांवर फेरे घसरतात.

रॉड टाळूवर आडवा ठेवून क्लचरने पक्का करायचा. कपाळालगतची दोन बोटं रुंद बट चेहऱ्यापासून मागे गुंडाळायची आणि सागरवेणीत घेतो तसे प्रत्येक फेऱ्याला थोडे नवे केस घ्यायचे. बटेला पीळ देऊ नका, सपाट पट्टीसारखी ठेवा, नाहीतर लाट अरुंद आणि झिपरी येते. अडीच सेंटीमीटर जाडीच्या रॉडवर एका फेऱ्यात साधारण आठ सेंटीमीटर केस जातात. फेरे एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, चढले की तिथेच ओलावा अडकतो. कपाळ ओढल्यासारखं वाटलं तर लगेच सैल करा. रोजच्या ताणाने कपाळालगतचे केस विरळ होतात.

आता रबर. सूचनापत्रात टोकांवर स्क्रंची चढवा असं लिहिलंय. तसं केलं की तिथे पक्की घडी पडते आणि खालचे चार सेंटीमीटर केरसुणीसारखे सरळ राहतात. वरची लाट कितीही देखणी असो, नजर तिथेच जाते! नुकसान नुसतं दिसण्यापुरतंच नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे साठ सेंटीमीटर केसांची टोकं चार वर्षं जुनी असतात. सर्वांत झिजलेल्या जागी सर्वांत घट्ट वस्तू बांधायची, ही कसली अक्कल? कापल्याने केस भरभर वाढत नाहीत, वाढ मुळाशी होते. पण दुतोंडी झालेलं टोक कुठल्याही सीरमने कायमचं जुळत नाही, तेव्हा न कापता लांबी टिकवायची तर टोकंच जपावी लागतात.

उपाय फुकटातला आहे. टोकांवर टिश्यूची घडी ठेवायची, शेवटचे दोन फेरे उलट वरच्या दिशेने चढवायचे आणि जुन्या साटनच्या कापडाची तीन बोटं रुंद पट्टी वरून बांधायची. पट्टी फक्त सरकणार नाही इतकीच आवळायची.

सकाळी पट्टी सोडून केस न उलगडता रॉड वरच्या बाजूने उपसून काढायचा. दहा मिनिटं थांबून मग बोटांनीच मोकळे करा. कंगवा फिरवला की लाटा पिंजारतात. मुळाशी केस सपाटच राहतात, लाट कानाखालून सुरू होते. हवा दमट असेल तर दुपारपर्यंत अर्धी उतरते, कारण तेच बंध पुन्हा सुटतात. तेवढं चालवून घ्यावं.

तुटलेल्या स्क्रंचीबद्दल विकणाऱ्यांना विचारलं, तर ती सुटी मिळत नाही, पूर्ण सेट घ्या म्हणे. रॉड धडधाकट आहे. पट्टीवर झकास चाललंय, सेट राहू दे त्यांच्याकडेच.