जमा-नावे शिकायला गेलो आणि कर्जदार झालो

मी मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला तीन वर्षं नोकरी केली, मग एमबीए सीईटी दिली आणि कॅपच्या दुसऱ्या फेरीत पुण्यातलं एक बरं कॉलेज मिळालं. वर्ग सुरू व्हायला सहा आठवडे होते. धाकधूक एकाच गोष्टीची, अकाउंटिंगची. बी.कॉम.वाली पोरं पहिल्या दिवसापासून ताळेबंद वाचणार आणि आपण डेबिट-क्रेडिटलाच, म्हणजे मराठीतल्या नावे-जमालाच, अडखळणार. माझं सगळं ज्ञान बँकेच्या एसएमएसवरून आलेलं: पैसे गेले की डेबिट, आले की क्रेडिट.

अशात फोन आला. माझं नाव, कॉलेज, अगदी शाखासुद्धा समोरच्या बाईंना माहीत होती. माहिती कुठून गेली ते आजही कळलेलं नाही. स्वतःला ‘ॲडमिशन काउन्सेलर’ म्हणवणाऱ्या बाई अतिशय गोड बोलत होत्या. “सर, तुमच्या कॉलेजशी आमचं टाय-अप आहे. आमचा सहा आठवड्यांचा फाउंडेशन कोर्स केलात तर पहिल्या सेमिस्टरचा अकाउंटिंगचा पेपर माफ होतो.” इथे मी विरघळलो. कॉलेजच्या ऑफिसला एक फोन करायला हवा होता. केला नाही. कारण सांगू? नव्या कॉलेजला पहिलाच फोन ‘पेपर माफ होतो का’ म्हणून करायची लाज वाटली.

फी 48,000 रुपये. 3,000 आज भरून जागा पक्की करायची, उरलेले 45,000 महिना 3,750 प्रमाणे बारा हप्त्यांत, बिनव्याजी. व्हॉट्सॲपवर लिंक आली. पॅन, आधार, एक सेल्फी, मग ओटीपी, मग बँकेतून हप्ता आपोआप कापायची परवानगी, पुन्हा ओटीपी. बाई फोनवरच होत्या. “हो सर, टिक करा, नेक्स्ट करा.” या अर्ध्या तासात ‘कर्ज’ हा शब्द एकदाही निघाला नाही. सगळं ‘फीचे हप्ते’ म्हणून चाललं होतं.

लॉगिन चौथ्या दिवशी मिळालं. पैसे परत मागायची मुदत तीन दिवसांची होती, हे पुढे कळलं.

‘लाइव्ह’ म्हणून विकलेले वर्ग म्हणजे जुनी रेकॉर्डिंग निघाली, उदाहरणं सगळी डॉलरमधली. सोबत एक पीडीएफ. तिच्या अकराव्या पानावर एका दुकानाचा ताळेबंद होता. मालमत्तेची बेरीज 4,85,000. भांडवल आणि देण्यांची 4,58,000. दोन्ही सारख्या यायला हव्यात. दोन रात्री मी त्यावर डोकं फोडलं. ग्रुपवर शंका विचारली तर ‘मेंटर विल कनेक्ट’. तिसऱ्यांदा विचारल्यावर मला ग्रुपमधूनच काढलं.

त्याच आठवड्यात लातूरला गेलो होतो. मामा तिथल्या आडत बाजारात पस्तीस वर्षं दिवाणजी; तूर-सोयाबीनच्या हिशेबपट्ट्या आणि खतावणी (खातेवार वही) यांत हयात गेलेली. त्यांना ते पान दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी मोबाइल लांब धरला. “फरक किती? सत्तावीस हजार. नवानं भाग जातोय का? जातोय. मग कुठंतरी आकडा उलटा पडलाय.” आणि धनकोंवर, म्हणजे ज्यांचे पैसे दुकान देणं लागतं त्यांच्यावर, बोट ठेवलं: धनको 58,000. तिथे 85,000 केले की दोन्ही बाजू जुळतात. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नऊने भाग जातोच, ही हिशेबनिसांची जुनी खूण. माझ्या दोन रात्री, मामांची दोन मिनिटं.

मग त्यांनी विचारलं, “ह्याला किती दिलास?” मी म्हणालो, फक्त 3,000, बाकीचे हप्त्यानं. “हप्ता कुणाला जातोय?” मी मेसेज काढला. हप्ता क्लासला जात नव्हता, एका फायनान्स कंपनीला जात होता. मामांनी कॅलेंडरचं पान फाडलं आणि मागे लिहिलं:

कोर्स फी खाते नावे 45,000
कर्ज खाते जमा 45,000

“खर्च नावे, देणाऱ्याचं खातं जमा. तू कर्ज काढलास की रं. क्लासवाला आपले पैसे कधीच घेऊन मोकळा झाला.” माझ्या कामाची ही पहिली नोंद मी अशी शिकलो. क्लासच्या वहीत, न शिकवलेल्या कोर्सची फी म्हणजे आगाऊ मिळालेलं उत्पन्न, म्हणजे त्यांचं देणं. त्यांनी ते कमाई धरून टाकलं होतं.

एसएमएसचा घोळही तिथेच सुटला. बँक ‘क्रेडिट’ म्हणते ते तिच्या वहीतून. आपण पैसे ठेवले की आपण तिचे धनको होतो, म्हणून जमा. आपल्या वहीत तीच रक्कम बँक खात्याला नावे पडते.

पुढचं थोडक्यात. कॉलेज म्हणालं, असलं टाय-अप नाही आणि पेपर कुणालाच माफ होत नाही. क्लासने पैसे परत द्यायला नकार दिला. रागाच्या भरात मी खात्यात पैसे ठेवले नाहीत, तर हप्ता बाउन्स झाल्याचे 590 रुपये वर लागले आणि सिबिल खराब होईल अशी तंबी मिळाली. हे करू नका. क्लासशी भांडण चालू असलं तरी कर्ज आपल्या नावावर असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक, द्यावं लागतं आणि सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. माझं पत्रक ईमेलच्या प्रमोशन्स टॅबमध्ये पडून होतं. उघडलं तेव्हा ते दिवस उलटले होते.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली. क्लासने ‘दुसरा कोर्स फुकट घ्या’ असं उत्तर दिलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. फोनचं रेकॉर्डिंग नाही, त्यामुळे ‘पेपर माफ’वाला मुद्दा लुळा पडतोय. हाताशी आहेत ते ग्रुपचे स्क्रीनशॉट आणि ती पीडीएफ.

अकाउंटिंग शेवटी शिकलो ते बालभारतीच्या अकरावीच्या ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’मधून, पीडीएफ फुकट मिळते. रोजकीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकींची यादी), अंतिम खाती, याच क्रमाने. अडलं तिथे मामांना फोन. पुढचं हवं असेल तर ‘स्वयम्’वरचे कोर्स फुकट बघता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच काय ती फी. पहिल्या सेमिस्टरला एवढं पुरलं.

गेल्या आठवड्यात मावसबहिणीला फोन आला. तिलाही यंदा एमबीएला प्रवेश मिळालाय. क्लासचं नाव वेगळं, बाई वेगळ्या, पेपर मात्र तसाच माफ. तिने नमुन्याच्या नोट्स मागवून मला पाठवल्या. मी सरळ अकरावं पान उघडलं. धनको 58,000.