नवं होम पेज, जुना सर्व्हर: इंट्रानेट मायग्रेशनमधली फसवणूक

एका कंपनीने इंट्रानेटचं (कर्मचाऱ्यांसाठीच्या आतल्या वेबसाइटचं) होम पेज बदलायचं आणि जुना कंटेंट नव्या प्रणालीवर हलवायचं, म्हणजे मायग्रेशनचं, काम बाहेरच्या वेंडरला दिलं. होम पेज वेळेत आलं, देखणंही होतं. वरिष्ठांनी पाहिलं, सही झाली, बिलाचा मोठा हप्ता गेला. पुढे आयटी विभागाने जुना सर्व्हर बंद केला आणि त्याच दिवशी रजेच्या नियमांच्या पानावर चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसू लागल्या, फॉर्म उघडेनात. वेंडरचं उत्तर: ‘जुना सर्व्हर बंद होणार हे आमच्या कामाच्या व्याप्तीत नव्हतं.’ कागदावर ते खरंही होतं.

यातली युक्ती साधी आहे. स्क्रिप्ट चालवून पानांचा फक्त मजकूर नव्या ठिकाणी टाकायचा. चित्रं, पीडीएफ, फॉर्म यांचे पत्ते जुन्या सर्व्हरचेच ठेवायचे. तो सर्व्हर चालू आहे तोवर कुणालाच फरक कळत नाही. आणखी आळशी वेंडर नव्या पानात आयफ्रेम टाकून आख्खं जुनं पान आत दाखवतो आणि तेही ‘मायग्रेट झालं’ म्हणून मोजतो.

हे पकडायचं तर स्वीकृती चाचणी जुना सर्व्हर दिसत नसलेल्या संगणकावर घ्या. चाचणीच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या आयपी क्रमांकाकडे न्यायचं हे सांगणारी फाइल) जुन्या सर्व्हरचं नाव १२७.०.०.१ कडे, म्हणजे त्याच संगणकाकडे, वळवा, ब्राउझर पूर्ण बंद करून खासगी विंडोत पानं उघडा. खासगी विंडो नसेल तर कॅशेमधली, म्हणजे ब्राउझरने आधीच साठवलेली, चित्रं दिसत राहतात आणि चाचणी फुकट जाते. काही पत्ते नावाऐवजी थेट आयपी क्रमांकाने लिहिलेले असतात. त्यांना होस्ट्स फाइल अडवत नाही, म्हणून फायरवॉलवरही तो क्रमांक रोखा. मग ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्कच्या यादीत जुन्या सर्व्हरकडे जाणाऱ्या, लाल झालेल्या विनंत्या मोजा. खात्यांची आतली, तीन-चार क्लिक खोलवरची पानं निवडा. निवड तुमची हवी, वेंडरने दिलेली यादी नको.

दुसरी लबाडी वेंडरच्या तुटलेल्या लिंकच्या अहवालात होती. अहवाल म्हणत होता, एकही तुटलेली लिंक नाही. जुन्या पानांचे सगळे पत्ते सरसकट नव्या होम पेजकडे वळवलेले होते, त्यामुळे लिंक तपासणाऱ्या साधनाला ४०४ (‘पान सापडलं नाही’ हा संकेत) कुठेच मिळत नव्हता, शेवटी २०० (‘पान मिळालं’ हा संकेत) मिळत होता. प्रवासखर्चाच्या फॉर्मची जुनी लिंक दाबणारा माणूस मात्र होम पेजच्या बॅनरसमोर येऊन थांबायचा. जुन्या सर्व्हरच्या लॉगमधून गेल्या वर्षभरात सर्वाधिक उघडलेले २०० पत्ते काढा आणि प्रत्येक पत्ता शेवटी कुठे पोचतो ते पाहा. बरेचसे एकाच पानावर पोचत असतील तर पत्त्यांचं पानागणिक जुळवणीचं काम झालेलंच नाही.

बिलातली पानांची संख्याही फुगवलेली होती. पानाची प्रत्येक जुनी आवृत्ती, प्रत्येक मसुदा वेगळा ‘आयटम’ धरला होता. कोटेशन मागवण्याआधीच स्वतःची यादी करा: पत्ता, जबाबदार व्यक्ती, शेवटच्या बदलाची तारीख, वर्षभरातली वापरसंख्या, आणि प्रत्येक ओळीपुढे हलवायचं, जपून ठेवायचं की काढून टाकायचं हे लिहा. एका आयटमची व्याख्या करारातच असू द्या.

शेअरपॉइंट ऑनलाइनवर (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची सेवा) जात असाल तर आणखी काही जागा तपासाव्या लागतात. तिथे फाइलच्या पूर्ण मार्गाला ४०० अक्षरांची मर्यादा आहे. खोल फोल्डरमधल्या फाइल्स त्यामुळे मागे राहतात आणि नोंद फक्त त्रुटींच्या लॉगमध्ये सापडते, म्हणून सारांश न घेता मूळ लॉग मागा. यादीच्या व्ह्यूला, म्हणजे यादी ज्या मांडणीत दिसते तिला, ५,००० नोंदींची मर्यादा आहे; पन्नास नोंदींच्या डेमोत ती कधीच आडवी येत नाही. हॅश (फाइलच्या आशयावरून काढलेली खूण) जुळवून फाइल्स तपासायच्या असतील तर पीडीएफवर तपासा. वर्ड-एक्सेलच्या फाइल्समध्ये शेअरपॉइंट स्वतःची माहिती घालतं, त्यामुळे त्यांचा हॅश बदलला तरी तो दोष नव्हे. तिथे संख्या मोजा आणि नमुना उघडून पाहा. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं मायग्रेशन टूल मोफत आहे. बिलात ‘टूल लायसन्स’ दिसलं तर कुठलं टूल ते विचारा. पैसे देऊन घ्यायची चांगली साधनं आहेत, पण त्यांची पावती दाखवता येते.

सर्वांत गंभीर बाब परवानग्यांची. चाचणीत ‘पान उघडत नाही’ अशी तक्रार येऊ नये म्हणून सगळ्यांना सगळं वाचायची मुभा दिलेली होती. नव्या कर्मचाऱ्याच्या साध्या खात्यातून शोधात ‘पगार’, ‘शिस्तभंग’, ‘राजीनामा’ टाकून पाहा. शोध परवानगीप्रमाणेच निकाल दाखवतो, म्हणजे नको ते दिसलं तर चूक शोधाची नाही. पानांच्या तारखा आणि लेखकही पाहा. सगळीकडे एकच तारीख आणि मायग्रेशन खात्याचं नाव असेल, तर कुठलं धोरण कधी बदललं हे ऑडिटला दाखवता येणार नाही.

घाई करण्यासाठी वेंडर एक तारीख पुढे करतात: कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या शेअरपॉइंट सर्व्हर २०१६ आणि २०१९ यांच्या सपोर्टची मुदत १४ जुलै २०२६. तारीख खरी आहे, पण त्या दिवशी सर्व्हर बंद पडत नाही. सुरक्षा अपडेट थांबतात. धोका नक्कीच आहे, पण चाचणी गाळून सही करण्याइतका नाही.

हप्ते असे बांधा की होम पेज चालू झाल्यावर थोडीच रक्कम जाईल. जुना सर्व्हर आधी केवळ वाचनासाठी ठेवा, मधल्या काळात बदललेली पानं दुसऱ्या फेरीत हलवून घ्या, मग तो ३० दिवस नेटवर्कवरून तोडा, पुसू नका. शेवटचा, किमान ३० टक्क्यांचा हप्ता त्यानंतर. आणि तो हप्ता देण्याआधी प्रशासक खाती, मूळ कोड आणि पत्त्यांच्या जुळवणीची फाइल कंपनीच्या ताब्यात.