कॉइल बदलल्याचं बिल भरलं, कॉइल बदललीच नव्हती

तुमच्या दारावर हँड मेटल डिटेक्टर असेल, तर आजच तो स्वतः तपासून बघा.

एका सभागृहाच्या प्रवेशद्वाराची जबाबदारी माझ्याकडे आहे. चार डिटेक्टर, आणि त्यांच्या देखभालीचं वर्षाचं कंत्राट एकाला दिलेलं. एक डिटेक्टर कारण नसताना वाजू लागला. त्या माणसाने हातात घेतला न घेतला तोच सांगितलं, "कॉइल गेली." कॉइल म्हणजे धातू हेरणारं आतलं तारेचं वेटोळं. आठवड्याने परत आणला. बिलात नवी कॉइल, कॅलिब्रेशन (संवेदनशीलतेची जुळवणी), आणि मुठीवर 'तपासून योग्य' असं स्टिकर. माझ्यासमोर किल्ल्यांच्या जुडग्यावरून फिरवला, वाजला. मी पैसे दिले. पुढे दुसरा गेला, मग तिसरा. तीन महिन्यांत तीन कॉइल.

दारावरचे काका सांगत होते, "साहेब, लहान वस्तूला हा वाजत नाही आता." स्टिकरवर विश्वास ठेवून मी त्यांचं ऐकलं नाही, याचं फार वाईट वाटतं. शेवटी त्यांनी कटरचं पातं शर्टाच्या खिशात टाकलं आणि डिटेक्टर फिरवायला मला सांगितलं. आवाज नाही. दुसऱ्यानेही नाही, तिसऱ्यानेही नाही. कंत्राटदाराचा हात न लागलेला चौथा तेवढा लगेच वाजला. त्या तीन महिन्यांत दारातून आत कोण काय घेऊन गेलं, हे आता कळायचा मार्ग नाही.

आमच्या डिटेक्टरच्या सांध्यावर कारखान्याची पट्टी असते. ती फाडल्याशिवाय कॉइलपर्यंत हात पोचत नाही, आणि तिन्हींवर ती अखंड होती. कंत्राटदाराकडे जुन्या कॉइल मागितल्या, तर म्हणे भंगारात गेल्या.

खरा दोष ९ व्होल्टच्या बॅटरीचा होता. ती उतरली की काही डिटेक्टर असेच भलतेसलते वाजतात. त्याने बॅटरी बदलली आणि संवेदनशीलतेचा बारीक स्क्रू इतका मागे फिरवला, की तक्रारच येऊ नये. किल्ल्यांच्या जुडग्याला असा बधिर केलेला डिटेक्टरही वाजतो, म्हणून ती चाचणी मानू नका.

स्क्रूवर चालणारा डिटेक्टर असा लावा: नवी बॅटरी घाला, हातातलं घड्याळ-अंगठी काढा, लोखंडी टेबलापासून लांब उभे राहा. डिटेक्टर हवेत धरून स्क्रू हळूहळू वाढवा. गुणगुण सुरू झाली की ती थांबेपर्यंतच मागे घ्या, त्याहून जास्त नाही. मग लहान पातं जवळ नेऊन बघा. घोट्याजवळ वाजला तर आधी जमिनीतल्या सळयांचा संशय घ्या. बरेच दिवस वापरायचा नसेल तर बॅटरी काढून ठेवा, नाहीतर ती पाझरून पत्र्या खाते.

दाखवलेल्या प्रात्यक्षिकावर मोठमोठे फसलेत. एडीई ६५१ नावाचं बॉम्बशोधक म्हणून विकलेलं यंत्र इराकच्या तपासणी नाक्यांवर वापरात होतं. आत काम करणारं काहीच नव्हतं. ते विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली.

आमचं कंत्राट मी रद्द केलं. दुरुस्तीला देताना आता सांध्याचा फोटो काढतो, आणि काढलेला भाग हातात मिळाल्याशिवाय बिल मंजूर करत नाही. काकांनी ते पातं पुठ्ठ्यात चिकटवून ठेवलंय. रोज दार उघडण्याआधी चारही डिटेक्टर त्यावरून फिरतात, आणि वहीत सही काकांची असते.